जन्मदाखला नेमका कुठे मागायचा? जुन्नर-आंबेगावकरांनी आधी हे समजून घ्या

सासर ओतूरचे, माहेर घोडेगावचे आणि बाळंतपण नारायणगावच्या खासगी दवाखान्यात. मुलगी आता सहा वर्षांची होईल. पहिलीच्या प्रवेशासाठी शाळेने जन्माचा दाखला मागितला आहे. तो आणायचा कुठून? ओतूरहून, घोडेगावहून की नारायणगावहून?

हे उदाहरण काल्पनिक असले तरी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत असे घर शोधायला लांब जावे लागणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे आणि दवाखाने मोठ्या गावांत आहेत. त्यामुळे कुटुंब एका गावात, रेशनकार्ड त्याच गावात, पण बाळाची नोंद भलत्याच गावाच्या दप्तरात, असे सर्रास होते. मग वडील स्वतःच्या ग्रामपंचायतीत जातात, तिथे 'आमच्याकडे नोंद नाही' असे उत्तर मिळते आणि घरी सगळ्यांना वाटते की नोंदच झालेली नाही. प्रत्यक्षात नोंद असते. ती मागण्याचे ठिकाण चुकलेले असते.

हा घोळ पूर्वी दोन हेलपाट्यांत निस्तरायचा. आता तसे राहिलेले नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाची जन्मतारीख आणि जन्मस्थळ सिद्ध करण्यासाठी जन्मदाखला हाच एकमेव पुरावा आहे. शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांच्या मुळाशी तो एकच कागद असेल. दुसरीकडे, उशिरा केलेल्या जन्मनोंदींची तपासणी राज्यात २०२५ पासून फार कडक झाली आहे. म्हणजे दाखल्याची गरज वाढली आणि नोंद राहून गेली असेल तर ती नव्याने करण्याची वाट अवघड झाली. म्हणूनच 'आमच्याकडे नाही' हे तोंडी उत्तर ऐकून घरी परतण्याआधी ही माहिती जवळ असायला हवी.

पहिला नियम : जन्म जिथे, नोंद तिथे

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्यानुसार नोंद होते ती जन्म ज्या हद्दीत झाला त्या हद्दीच्या निबंधकाकडे. आई-वडील राहतात कुठे, मतदान कुठे करतात, जमीन कुठे आहे याचा इथे संबंध नाही.

ग्रामीण भागात हे निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे असते. या पदाचे नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे. जुन्नर शहरात नगरपरिषद आणि मंचरमध्ये नगरपंचायत हे काम पाहते. मंचर पूर्वी ग्रामपंचायत होती, म्हणून तिथल्या जुन्या जन्मांसाठी अर्ज करताना नोंद ग्रामपंचायतीच्या काळातली असल्याचे स्पष्ट लिहावे.

हद्दीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आळेफाटा हे आपण गाव म्हणून सांगतो, पण तो महामार्गावरचा फाटा आहे. तिथला दवाखाना आळे ग्रामपंचायतीत येतो की वडगाव आनंदच्या, हे पाहावे लागते. नारायणगाव आणि वारूळवाडी तर एकमेकांना इतकी चिकटली आहेत की रस्ता ओलांडला की ग्रामपंचायत बदलते. 'बाळ नारायणगावला झाले' असे घरी सगळे सांगत असले तरी दवाखान्याचा कागदोपत्री पत्ता कोणत्या हद्दीत आहे, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. कार्ड सापडत नसेल तर दवाखान्यात जाऊन विचारा.

दवाखान्यात जन्म झाला असेल तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी कायद्याने दवाखान्याच्या प्रमुखाची आहे. घरी जन्म झाला असेल तर ती कुटुंबप्रमुखाची. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय असो, घोडेगाव, नारायणगाव किंवा जुन्नरचे ग्रामीण रुग्णालय असो की तळेघर-आपटाळ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, सुट्टी घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : 'बाळाची नोंद कोणत्या कार्यालयात होणार आणि दाखला कुठून घ्यायचा?' उत्तर डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून ठेवावे. सहा वर्षांनी तीच ओळ कामाला येते.

१०८ रुग्णवाहिकेत वाटेतच बाळंतपण झाले तर काय? चालत्या वाहनात जन्म झाल्यास वाहन पहिल्यांदा जिथे थांबते तिथे नोंद करायची, असे नियम सांगतात. भीमाशंकरच्या पट्ट्यातून किंवा माळशेज घाटाकडच्या गावांतून रुग्णालयापर्यंतचे अंतर पाहता ही तरतूद इथल्या लोकांना माहीत असायलाच हवी.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे काय?

या दोन तालुक्यांत विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात, सहा महिने फडावर किंवा कोप्यांवर राहतात आणि पट्टा पडला की गावी परततात. या काळात कोपीवर जन्मलेल्या बाळाची नोंद त्यांच्या मूळ गावी होणार नाही. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कोपी होती, तिथेच ती व्हायला हवी. कायद्याने २१ दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्यात कुणी सांगितले नाही आणि टोळी दुसऱ्या फडावर गेली, की त्या मुलाच्या आयुष्यातला पहिला सरकारी कागद तिथेच राहून जातो. मुकादम, आशा कार्यकर्त्या आणि शेतमालक यांनी फक्त एवढे केले, की 'बाळ झाले, ग्रामपंचायतीत कळवा' असे वेळेत सांगितले, तरी पुढचा वर्षानुवर्षांचा त्रास टळेल.

मुदत चुकली तर

जन्मापासून २१ दिवसांच्या आत कळवले तर नोंद विनाशुल्क होते. नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखलाही मोफत द्यायचा असतो. पुढचे टप्पे असे :

२१ दिवसांनंतर, पण ३० दिवसांच्या आत : विलंब शुल्क भरून नोंद.

३० दिवसांनंतर, पण एक वर्षाच्या आत : विलंब शुल्काबरोबर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

एक वर्षानंतर : जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीआधी हा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे कोर्टातून घ्यावा लागत असे.

आपल्याकडे तहसील कार्यालये जुन्नर आणि घोडेगावला आहेत, तर जुन्नर-आंबेगाव उपविभागाचे प्रांत कार्यालय मंचरला. कोणत्या टेबलावर अर्ज स्वीकारतात, हे आधी तहसील कार्यालयात विचारून मगच पुढे जावे. विनाकारण तिन्ही गावे फिरू नयेत.

राज्याच्या महसूल विभागाने १२ मार्च २०२५ रोजी या विलंबित नोंदींसाठी नवी कार्यपद्धती ठरवून दिली. बनावट पुराव्यांवर दाखले दिले गेल्याच्या तक्रारींनंतर हे पाऊल उचलले गेले. आता पुराव्यांची काटेकोर छाननी होते, पोलिसांचा अहवाल घेतला जातो आणि खोटी कागदपत्रे दिल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यामुळे 'पाचशे रुपयांत दाखला काढून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागणे आता निव्वळ पैशाचे नुकसान राहिलेले नाही. तो कागद पुढे रद्द झाला तर त्यावर उभे राहिलेले सगळेच कागद डळमळतील.

नोंद शोधताना नाव नका सांगू, तारीख सांगा

पेशाने पत्रकार असलो तरी शिक्षण इंजिनिअरिंगचे झाले आहे, म्हणून हा मुद्दा जरा त्या बाजूने सांगतो. कोणत्याही माहितीसाठ्यात शोध घ्यायचा तर ती माहिती कशाच्या क्रमाने लावली आहे ते कळायला हवे. जन्म नोंदवही लावलेली असते वर्ष आणि नोंदीच्या क्रमाने. मुलाच्या नावाने ती लावलेली नसते.

शिवाय जुन्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नावच नसते. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. जन्माची खबर त्याआधीच दिली गेली असेल तर वहीत फक्त वडिलांचे नाव, आईचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. नावाचा रकाना कोराच राहतो. अशा वहीत कुणी 'सुनीता' शोधायला बसले तर ती कधीच सापडणार नाही. त्यामुळे अर्जात पुढील गोष्टी असाव्यात :

वडिलांचे आणि आईचे पूर्ण नाव. आईचे माहेरचे नावही द्यावे.

जन्मतारीख. नक्की माहीत नसेल तर आधीचे एक आणि नंतरचे एक अशी दोन्ही वर्षे तपासण्याची विनंती करावी. शाळेत घालताना तारीख अंदाजे लावण्याची पद्धत होती, हे विसरू नये.

जन्माचे ठिकाण : दवाखान्याचे नाव किंवा वाडी-वस्तीसह घराचा पत्ता.

मुलगा की मुलगी आणि कितवे अपत्य.

नोंदीत नावाचा रकाना कोरा असेल तर घाबरू नये. कलम १४ नुसार नोंद झाल्यापासून एक वर्षापर्यंत नाव विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून टाकता येते. ज्यांची १५ वर्षे उलटून गेली होती, त्यांच्यासाठी राज्याने ही मुदत २७ एप्रिल २०२६ पर्यंत वाढवली होती. स्पेलिंग किंवा नावात चूक असेल तर कलम १५ नुसार दुरुस्ती होते. त्यात मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख घालतो. म्हणून कुणी 'जुनी नोंद रद्द करून नवी करून घ्या' असा सल्ला दिला तर तो ऐकू नये. एका जन्माच्या दोन नोंदी म्हणजे पुढच्या डोकेदुखीला आमंत्रण.

गावच बदलले असेल तर

इथे आपल्या भागाचा खास प्रश्न येतो. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणांमुळे वस्त्या उठल्या, कुटुंबे पुनर्वसनाच्या गावी गेली. कित्येक ठिकाणी गट ग्रामपंचायती फुटून स्वतंत्र ग्रामपंचायती झाल्या. आज ज्या गावाला स्वतःची ग्रामपंचायत आहे, त्याच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदी जुन्या मुख्य ग्रामपंचायतीच्या कपाटात असू शकतात.

अशा वेळी दोन-तीन ग्रामपंचायतींचे उंबरे झिजवण्यापेक्षा पंचायत समितीत, म्हणजे जुन्नरला किंवा घोडेगावला, गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे साधा लेखी अर्ज द्यावा : 'अमुक गावाची अमुक सालातील जन्म नोंदवही सध्या कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, ते कळवावे.' उत्तर मिळत नसेल तर हाच प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो. त्याचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ग्रामीण भागासाठी जिल्हा निबंधकाचे काम जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात, त्यांच्याकडेही दाद मागता येते.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा जीव गेला. घरेच गाडली गेली तिथे घरातल्या पेटीतली कागदपत्रे कुठून उरणार? पण घरातला दाखला ही प्रत असते. मूळ नोंद सरकारी वहीत असते आणि जन्म नोंदवही कायमस्वरूपी जतन करायची, असा नियम आहे. आग, पूर, दरड, घरफोडी यांत कागद गेला तरी हक्क जात नाही. नवी प्रत कितीही वेळा मागता येते.

आजोबांच्या नोंदीसाठी तहसीलचे रेकॉर्ड

जात पडताळणीसाठी जुन्या नोंदी लागतात. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांतल्या मुलांना बारावीनंतर हा प्रश्न हमखास पडतो. आजोबा-पणजोबांच्या जन्म-मृत्यूच्या त्या काळच्या नोंदी 'गाव नमुना १४' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दप्तरात असतात आणि त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधाव्या लागतात. त्यातल्या जुन्या नोंदी मोडी लिपीत असू शकतात. त्या वाचून लिप्यंतर करून घ्यावे लागते. यालाच जोड म्हणून गावच्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. मुलाचे बारावीचे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता हे काम नववी-दहावीतच सुरू केलेले बरे.

ऑनलाइन काय मिळते, काय नाही

केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीच्या पोर्टलवर झालेल्या अलीकडच्या नोंदींचे दाखले क्यूआर कोडसह मिळतात. राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवरूनही जन्मदाखल्यासाठी अर्ज करता येतो. पण जुनी हस्तलिखित वही कुणी संगणकात भरलेली नसेल, तर ती कितीही क्लिक केले तरी स्क्रीनवर येणार नाही. ऑनलाइन शोधात 'नोंद आढळली नाही' असे दिसणे आणि नोंद नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहावे. हाती आलेला दाखला खरा की खोटा हे त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून पाहावे. स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता सरकारीच आहे ना, हेही नीट वाचावे.

'नाही' म्हणता? मग लिहून द्या

जन्म नोंद दाखला ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येणारी सेवा आहे. ग्रामपंचायतीसाठी त्याची मुदत पाच दिवसांची. सेवा, शुल्क, मुदत आणि अपील कुणाकडे करायचे याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. वेळेत दाखला मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. तिथेही काम झाले नाही तर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

शोध घेऊनही नोंद सापडली नाही, तर निबंधकाने 'नोंद अनुपलब्ध' असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. लोक हा कागद मागत नाहीत, आणि न मागता तो फारसा मिळत नाही. पण पुढे तहसीलदारांकडे विलंबित नोंदीसाठी जायचे असेल तर हाच पहिला कागद लागतो. तोंडी 'नाही'ला अपील नसते. लेखी 'नाही'ला असते.

विलंबित नोंदींची कडक तपासणी व्हावी, याबद्दल दुमत नाही. खोटे दाखले रोखलेच पाहिजेत. पण ज्याची नोंद खरोखर राहून गेली आहे तो कोण, हेही पाहायला हवे. तो बहुधा डोंगरातल्या वाडीवर घरी जन्मलेला असतो, कोपीवर जन्मलेला असतो, धरणाने उठवलेल्या गावचा असतो. त्याच्याकडे दवाखान्याचा कागद नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे. त्याच्याकडून पुरावे मागताना प्रशासनाने स्वतःचीही एक जबाबदारी पार पाडावी.

ती जबाबदारी मोठ्या खर्चाची नाही. जुन्नर आणि घोडेगावच्या पंचायत समित्यांनी प्रत्येक गावासाठी एक पानाची यादी करावी : कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची जन्म नोंदवही आज कोणत्या कार्यालयात आहे, आणि मधली कोणती वर्षे उपलब्ध नाहीत. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत आणि आरोग्य उपकेंद्रात लावावी. वह्या आहेत, कायदा आहे, मुदती ठरलेल्या आहेत. पण कोणती वही कुठे आहे हे सांगणारे ते एक पान दारावर नसेल, तर तळेघरहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाने नेमक्या कोणत्या दारात उभे राहायचे?

तोवर आपल्या हातात असलेली गोष्ट करून ठेवू या. घरातल्या प्रत्येकाचा जन्म नेमका कुठे झाला, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वाडीत, हे आज संध्याकाळीच आजीला, आईला विचारून एका वहीत लिहून काढावे. सरकारी वही सापडायला ही घरची वहीच कामाला येते.